स्वयंपाकघरातला शृंगार: एका लघुकादंबरीने केलेली निराशा

आमसूल | शनिवार, दुपारी ३:१०

मागच्या आठवड्यात एक मराठी लघुकादंबरी वाचली. फक्त ई-पुस्तक आहे, छापील नाही. नाव देत नाही. लेखकाचा पहिलाच प्रयत्न दिसतो आणि एका नवख्या माणसाला मला चारचौघांत उभं करायचं नाही. पण दोन दिवस जे डोक्यात घोळतंय ते इथे मांडल्याशिवाय चैन पडणार नाही.

कथा थोडक्यात अशी. मुंबईची एक खाद्यलेखिका जुलैत वेंगुर्ल्याजवळच्या एका होमस्टेमध्ये आठ दिवस राहायला जाते. तिथे स्वयंपाक करणारा पुरुष तिशीतला, अबोल, मनगटावर भाजल्याचा जुना डाग. बाहेर पाऊस, आत चूल, वीज गेलेली. माझं आजोळ वेंगुर्ल्याचं, सतरा वर्षं मी पुण्यात घरगुती डबे देते, आणि मराठीत कुणी शृंगार सरळ, न लाजता लिहिला तर मला तो मनापासून हवा आहे. म्हणजे हे पुस्तक माझ्यासाठीच लिहिलं होतं म्हणा ना. म्हणून जास्त लागलं.

दुसऱ्या प्रकरणात तो परसातल्या झाडावरून हापूस उतरवतो, तिथेच सुरीने कापतो आणि तिला भरवतो. जुलैत! हापूस जूनच्या तोंडाशी आटपतो. पहिला पाऊस पडला की आजी आंब्याला हात लावू देत नसे, आत अळी असते म्हणून. आणि झाडावरून काढलेला हापूस कुणी लगेच खातं का? तो तयार झालेला असतो, पिकलेला नसतो. गवताच्या आढीत आठ-दहा दिवस ठेवायचा, हलक्या हाताने चाळत राहायचं, पिकला तो वेगळा काढायचा. आजोळी माजघराशेजारच्या अंधाऱ्या खोलीत आढी असायची. रात्री कूस बदलली की तो वास यायचा, कालच्यापेक्षा थोडा जास्त. दार उघडलं की नाकालाच कळायचं, आज नाही, उद्या. मला सांगा, शृंगार लिहिणाऱ्याला याहून काय हवं? दोन माणसं एका घरात, मधे एक बंद खोली, आणि तिच्यातून दिवसेंदिवस गडद होत जाणारा वास. गोष्ट मे महिन्यात घडवली असती तर आठ दिवसांचा मुक्कामही बरोबर पुरला असता.

तिसऱ्या प्रकरणात ताजी सुरमई. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात जायला बंदी असते, मासळीच्या विणीचा काळ असतो तो. त्या दिवसांत किनाऱ्यावरच्या घरात काय असतं? उन्हाळ्यात वाळवून ठेवलेला बांगडा, सुकट, कुर्ल्या, पावसाबरोबर उगवलेला टाकळा, उकड्या तांदळाची पेज. निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा आणि ऊन पेज. त्या वासाला नाजूक कुणी म्हणणार नाही, पण तो आला की भिजून आलेल्या माणसाची भूक खवळते. लेखकाला सुंदर जेवण दाखवायचं होतं, म्हणून सुरमई आली.

मग चौथं प्रकरण. तो हिरव्या मिरच्या चिरतो, पंचाला हात पुसतो आणि तिला जवळ घेतो. पुढे तो हात कुठे कुठे जातो ते लेखकाने दोन पानं लिहिलंय. इथे मी थोडा वेळ वाचन थांबवलं. मिरचीच्या हाताने डोळा चोळला तर काय होतं हे स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. लेखकाने कधी चार मिरच्याही चिरलेल्या नाहीत एवढंच मला त्या पानांवर कळलं, आणि त्यानंतर त्या दोघांवर माझा विश्वास राहिला नाही.

हे सगळं दुरुस्त करता येईल. मला खंत वाटते ती दुसरीच. नव्वद पानांत कुणालाही भूक लागत नाही. कुणी कशाची वाट बघत नाही. पदार्थ येतात ते तयार होऊन येतात. ती ताटात काहीच टाकत नाही, काहीच पुन्हा मागून घेत नाही. तो तिला एकदाही विचारत नाही, तिखट किती चालतं, आंबट आवडतं का. मला डबे देताना गिऱ्हाइकाची चव आधी कळते, चेहरा नंतर, कधी कधी तर कळतच नाही. परत आलेल्या डब्यात काय उरलंय त्यावरून माणूस उमगत जातो: याला कारलं चालतं पण गुळाचं नाही, ही आमटी आधी पिते आणि भात कोरडा खाते. न पाहिलेल्या माणसांबद्दल मला एवढं ठाऊक असतं आणि हा आचारी आठ रात्री तिच्याबरोबर काढूनही तिच्या जिभेबद्दल काही जाणत नाही. मग तिच्या बाकीच्या शरीराबद्दल तो जे जाणतो असं लेखक सांगतो, ते मी कसं खरं मानू?

तुमच्यापैकी कुणी हे किंवा असं काही वाचलंय का?

---

खडीसाखर | शनिवार, संध्याकाळी ५:४५

बहुतेक तेच पुस्तक मीही वाचलंय. आंबा-मासळीचं मला कळलं नव्हतं, मी नागपूरची. मला टोचली ती भाषा.

मराठीत शृंगार लिहिताना एक जुनी पंचाईत आहे. शरीराच्या अवयवांसाठी एकीकडे पोथीतले संस्कृत शब्द, दुसरीकडे शिव्या. मधली, दोन माणसं एकमेकांशी बोलताना वापरतील अशी भाषा फार तोकडी आहे. या लेखकाने पोथीची वाट धरली. देहवेल, अधर, यौवनभार. वाचताना अंगावर काटा येत नाही, परीक्षेचा पेपर आठवतो.

पण जेवणाच्या बाबतीत आपली भाषा केवढी श्रीमंत आहे! खमंग वेगळं आणि खरपूस वेगळं. लुसलुशीत, मऊसूत, रसरशीत, ओलसर, कोमट, ऊन. हे शब्द जिभेचे आहेत तितकेच कातडीचेही आहेत. आणि क्रियापदं बघा: मुरणं, आटणं, निवणं, पाझरणं, वाफ जिरवणं, उतू जाणं. लोणचं मुरतं तसं माणसांमधलं नातंही मुरतं, हे आपण रोज बोलतो. ती मधली भाषा त्याला त्याच स्वयंपाकघरात सापडली असती. त्याऐवजी पानोपानी 'स्वादिष्ट'. घरी जेवताना 'स्वादिष्ट' कोण म्हणतं? आपण म्हणतो, 'तुझ्या हाताला चव आहे.' हाताला! मराठीत पदार्थाची चव हातात असते. मला वाटतं शृंगारिक गोष्टीचं अख्खं बीज या एका वाक्यात आहे, आणि ते नव्वद पानांत कुठेही येत नाही.

---

रानवारा | शनिवार, रात्री ९:२०

थोडी दुसरी बाजू मांडतो. पुस्तक मीही वाचलं आणि मला ते इतकं टाकाऊ वाटलं नाही.

मराठीत हे लिहिणं सोपं नव्हतं हे लक्षात घ्या. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक विषयांवरचं मासिक सुरू केलं आणि त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. चंद्रकांत काकोडकरांची कथा 'रंभा'च्या १९६२च्या दिवाळी अंकात आली, तिच्यावर खटला झाला, उच्च न्यायालयाने दोषी धरलं आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली निर्दोष ठरवलं. एका कथेसाठी सात वर्षं! अशा वाटेवर आज कुणीतरी नवा माणूस उघडपणे, मराठीत, शृंगार लिहितो, तर त्याची किंमत धरायला हवी.

शिवाय एक गोष्ट तुम्ही सोडून दिलीत, आमसूलताई. तो तिला जवळ घेण्याआधी विचारतो. प्रत्येक वेळी. ती एकदा नाही म्हणते आणि तो उठून जातो, रागावत नाही. कॉलेजात असताना आम्ही चोरून वाचलेल्या पिवळ्या पुस्तकांत हे नव्हतं. त्यांत स्त्रीच्या नाहीला अर्थच नसायचा. मला तो प्रसंग फार आवडला.

राहिला जुलैतला हापूस. स्वप्नरंजन आहे, त्यात ऋतू थोडा इकडेतिकडे झाला तर बिघडलं काय?

---

आमसूल | शनिवार, रात्री १०:०५

रानवारा, तो नाही म्हणण्याचा प्रसंग मी लिहायला हवा होता. चूक माझी. खरोखर चांगला आहे तो. ती दार लावून घेते आणि तो बाहेर पडवीत कंदील खाली ठेवून जातो, एवढंच. त्या पानावर जेवणाचा एकही शब्द नाही, हेही बघा. तिथे लेखक माणसांकडे बघत होता.

पण स्वप्नरंजनाबद्दल मी सहमत नाही. स्वप्नातसुद्धा आंब्याला वास लागतोच. वास नसेल तर तो आंबा चित्रातला.

---

नाचणी | रविवार, सकाळी ८:३०

मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून मिरचीबद्दल थोडं सांगते.

मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून पंचाला हात पुसून किंवा नुसत्या पाण्याने धुऊन ते जात नाही. आधी खोबरेल चोळायचं, मग साबण. आपल्या मज्जातंतूंवर उष्णता ओळखणारी एक यंत्रणा असते, ती साधारण ४३ अंश सेल्सियसच्या पुढे जागी होते. कॅप्सेसिन तिलाच जाऊन चिकटतं. म्हणजे शरीराला खरोखर वाटतं की भाजतंय. १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ही यंत्रणा शोधली आणि २०२१चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आणि आर्डेम पाटापुटियन यांना मिळालं. त्या लघुकादंबरीतल्या नायिकेची काय अवस्था झाली असती हे यावरून कळेल.

पण मला जास्त वाईट वाटलं ते तिरफळाचं, माशाच्या कालवणात घालतात त्या मसाल्याचं. पुस्तकात 'तिरफळाचा गोडसर सुगंध' असं एक वाक्य आहे. तिरफळाचा वास उग्र, लिंबाच्या सालीजवळ जाणारा, आणि त्याचं खरं वैशिष्ट्य वासात नाहीच. ते ओठांवर आहे. ओठ आणि जीभ बधिरतात आणि त्या बधिरपणात काहीतरी थरथरत राहतं. चिनी सिचुआन मिरी आणि आपलं तिरफळ एकाच कुळातले. लंडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली लोकांच्या ओठांना ती मिरी लावली, बोटाला यंत्राने कंपनं दिली आणि ओठांवरची थरथर कोणत्या वेगाशी जुळते ते विचारलं. उत्तर आलं, सेकंदाला साधारण ५० कंपनं. कुणी हात न लावता ओठ थरथरतात! बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं दोघांनी एका वेळी खाल्लं आणि मग काही मिनिटं दोघांनाही आपापले ओठ आपले वाटत नाहीत, हा प्रसंग लेखकाच्या हाताशी होता. त्याने वाक्यात फक्त नाव घातलं.

---

आमसूल | रविवार, सकाळी ९:१५

नाचणी, हे वाचून मी उठून डब्यातलं एक तिरफळ तोंडात धरून आले. बरोबर, अगदी बरोबर. इतकी वर्षं मी त्याला 'झिणझिण्या' म्हणत होते.

---

पाणकळा | रविवार, दुपारी १२:५०

मला एक वेगळंच विचारायचं आहे. त्या पुस्तकात भांडी कोण घासतं?

रागाने विचारत नाही. अशा सगळ्या गोष्टींत चूल पेटते, पदार्थ शिजतो, एकमेकांना घास भरवले जातात आणि मग दिवा मालवतो. खरकटं ओट्यावर तसंच. माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली. सासूबाई सासऱ्यांच्या उष्ट्या ताटात जेवायच्या, त्याला घरात प्रेम म्हणत. मला ते कधी प्रेम वाटलं नाही. लग्नात मला सगळ्यांसमोर नाव घेऊन घास भरवायला लावला, तेव्हा माझे हात थरथरत होते ते भीतीने.

मग साताठ वर्षांनी एका रात्री, धाकटी तापाने फणफणलेली, मी तिला मांडीवर घेऊनच झोपून गेले. पहाटे पाणी प्यायला उठले तर ओटा पुसलेला, भांडी पालथी घातलेली, आणि विरजण लावलेलं. विरजण लावायचं याला माहीत आहे हेच मला माहीत नव्हतं. दूध कोमट आहे का ते बघायला करंगळी बुडवावी लागते. त्याने बुडवली असणार. त्या करंगळीचा विचार करत मी अंधारात उभी होते, आणि लग्नानंतर पहिल्यांदा मला तो फार हवासा वाटला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

या पुस्तकातला नायक स्वयंपाक करतो, ही चांगली गोष्ट आहे. पण तो त्याचा पोटाचा धंदा आहे. तिच्यासाठी म्हणून तो एकही गोष्ट करत नाही जी तो इतर पाहुण्यांसाठी करत नाही.

---

खडीसाखर | रविवार, दुपारी १:३०

पाणकळा, करंगळी. यापुढे मला काही सुचत नाही. +१

---

दूरदेशी | रविवार, रात्री ११:४०

न्यू जर्सीहून. रानवारांच्या स्वप्नरंजनाच्या मुद्द्यावर बोलायचं होतं.

लॉरा एस्किव्हेल या मेक्सिकन लेखिकेची १९८९ची कादंबरी, 'लाइक वॉटर फॉर चॉकलेट' या नावाने इंग्रजीत आलेली, इथे कुणी वाचली असेल. बारा प्रकरणं, बारा महिने, प्रत्येकाला एक पाककृती. टिता ही धाकटी मुलगी; घरची रीत अशी की धाकटीने लग्न न करता आईला शेवटपर्यंत सांभाळायचं. तिचा प्रियकर पेद्रो तिच्याजवळ राहता यावं म्हणून तिच्या थोरल्या बहिणीशी लग्न करतो. आता टिताला बोलायला एकच जागा उरते, ताट. पेद्रोने दिलेल्या गुलाबांच्या पाकळ्यांचं ती लाव्यांसाठी कालवण करते आणि ते खाऊन तिच्या दुसऱ्या बहिणीच्या अंगाची अशी लाही होते की न्हाणीघराच्या फळ्या पेट घेतात आणि ती बंडखोर सैनिकाबरोबर निघून जाते.

यात खरं काय आहे? काहीच नाही. तरी मी एका बैठकीत वाचली, कारण पाकळ्या कशा काढायच्या, काय वाटायचं, काय आधी आणि काय मागून, हे लेखिका इतक्या नेमकेपणाने सांगते की चमत्कारही त्याच पाककृतीतली पुढची पायरी वाटतो. स्वप्न उंच न्यायचं तर जमीन पक्की लागते. आणि सर्वांत मोठी गोष्ट: टिताला आडकाठी आहे. या लघुकादंबरीतल्या दोघांना कसली आडकाठी? ती एकटी, तो एकटा, होमस्टे रिकामा, पाऊस सोयीचा. पहिल्या रात्रीच सगळं जमलं असतं, आणि जमतंच. मग उरलेली सात प्रकरणं एका रात्रीनंतर दुसरी.

परदेशात राहून मला एक कळलंय. पहिल्या हिवाळ्यात मी तीन महिने आमसुलाशिवाय काढले आणि मग एका मैत्रिणीच्या आईने सामानात दडवून आणलेली मूठभर आमसुलं मिळाली. त्या दिवशीची सोलकढी मला आजही जिभेवर आठवते. तीच सोलकढी इथल्या दुकानात आता बारा महिने मिळते आणि तशी लागत नाही.

---

सांजवात | सोमवार, सकाळी ७:२५

उशिरा आले धाग्यावर. सगळे प्रतिसाद वाचले.

हे मराठीत नवं आहे, असं कुणी म्हणू नये म्हणून लिहिते. हाल सातवाहनाची 'गाथासप्तशती' आपल्याच मातीतली. माहाराष्ट्री प्राकृतातल्या गाथांचा संग्रह, पैठण ही सातवाहनांची राजधानी. मी स. आ. जोगळेकरांच्या मराठी आवृत्तीतून वाचली. तिच्या पहिल्याच शंभर गाथांत स्वयंपाकघरातल्या दोन गाथा लागोपाठ आहेत.

एकीत घरधनीण स्वयंपाकात गुंतली आहे. काजळी लागलेला हात नकळत गालाला लागतो. नवरा तिच्याकडे बघून हसतो, कारण तिचा चेहरा आता डागासकट चंद्रासारखा झाला आहे. बस्स, एवढंच. पण त्या हसण्यात तो तिला किती वेळ बघत उभा होता ते कळतं.

दुसरीत ती चूल फुंकते आहे आणि विस्तव काही केल्या पेटत नाही, नुसता धुमसतो. ती चिडते. तेव्हा तिला सांगितलंय, अगं रांधणारणी, चिडू नकोस, तुझ्या तोंडचा वारा पाटलीच्या लाल फुलासारखा सुगंधी आहे, अग्नी तो पीत बसलाय, म्हणून पेटत नाही.

दोन ओळींत चूल आहे, धूर आहे, तिचा वैताग आहे, तिचा श्वास आहे आणि बघणाऱ्याची तहान आहे. पदार्थाचं नावसुद्धा नाही. ज्याने कुणी ही गाथा रचली त्याने चूल फुंकताना बघितलं होतं, कदाचित फुंकलीही होती. ओल्या लाकडाची चूल पेटत नाही तेव्हा डोळ्यांतून कसं पाणी येतं, हे ठाऊक असल्याशिवाय हे सुचत नाही.

त्या लघुकादंबरीत चूल आहे, असं तुम्ही लिहिलंत. ती कोण फुंकतं?

---

आमसूल | सोमवार, सकाळी ८:००

सांजवात, कुणीच फुंकत नाही. 'चुलीत ज्वाळा नाचत होत्या' असं वाक्य आहे, तीन वेळा. पावसाळ्यात, कोकणात, लाकडं ओली असणार. तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं.

---

कुडाळकर६८ | सोमवार, दुपारी ४:१५

मी सहसा लिहीत नाही, वाचतो. विषय तरुण मंडळींचा आहे. पण लिहावंसं वाटलं.

सौ. ला केमो चालू होती तेव्हा तिच्या तोंडाची चव गेली होती. सगळं लोखंडासारखं लागतं म्हणायची. स्टीलचा चमचा तोंडात धरवत नसे, म्हणून मी लाकडी आणला. मला तोवर चहापलीकडे काही येत नव्हतं. मग शिकलो. मुगाचं कढण केलं, नको. नाचणीची आंबील, दोन घोट. एक दिवस कोकमाचं सार केलं, त्यात गूळ थोडा जास्त पडला. तिने वाटी संपवली आणि म्हणाली, आंबट कळलं.

त्यानंतर रोज सार. प्रत्येक वेळी मी आधी एक चमचा चाखून बघायचो, फार आंबट नको, फार ऊन नको, तोंड आलेलं असायचं तिचं. एकतीस वर्षं तिने मला आधी वाढलं आणि मग स्वतः घेतलं. मला कधी तिच्या जिभेवर काय चालतं ते ठाऊक नव्हतं. त्या सहा महिन्यांत कळलं. ती बघत असायची मी चाखताना. त्या बघण्याबद्दल मला इथे जास्त लिहिता येणार नाही, पण लग्नाच्या पहिल्या वर्षातही तिने मला तसं बघितलं नव्हतं.

पुस्तक मी वाचलेलं नाही. राहवलं नाही म्हणून लिहिलं.

---

पाणकळा | सोमवार, संध्याकाळी ६:०२

काका, नमस्कार करते तुम्हाला.

---

सांजवात | सोमवार, रात्री ८:४०

कुडाळकरकाका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुम्ही चमचा चाखून द्यायचात, त्यावरून एक आठवलं ते सांगते.

कामसूत्राचं नाव घेतलं की लोकांना फक्त आसनं आठवतात. पण वात्स्यायनाने चौसष्ट कलांमध्ये भाज्या आणि सार रांधणं ही एक कला मोजली आहे आणि सरबतं-आसवं करणं ही दुसरी. आणि दुसऱ्या अधिकरणाच्या शेवटी, मीलनानंतर काय करावं ते सांगितलंय. दोघांनी एकत्र काही खावं: निवळ सार, भाजलेलं मांस, पन्हं, आंबे, साखर लावलेलं महाळुंग. गच्चीवर चांदण्यात बसावं, त्याने तिला अरुंधती, ध्रुव, सप्तर्षी दाखवावेत. आणि प्रत्येक पदार्थ त्याने आधी स्वतः थोडा चाखून, हा गोड आहे, हा मऊ आहे, असं सांगत तिच्यापुढे करावा.

म्हणजे त्या ग्रंथात जेवण मीलनाच्या आधी भुलवायला येत नाही, नंतर येतं. वासना शमल्यावर माणूस समोरच्याकडे पाठ फिरवतो की तिच्यासाठी आंबा चाखून बघतो, हे वात्स्यायनाला महत्त्वाचं वाटलं.

---

पाणकळा | सोमवार, रात्री ९:१०

सुंदर आहे, सांजवात. तरी एक म्हणेन. वात्स्यायनाच्या त्या नागरकाकडे, म्हणजे शहरी रसिकाकडे, नोकरचाकर होते. सार त्याने रांधलं नव्हतं, त्याने फक्त चाखलं. काकांनी रांधलं, चाखलं आणि वाटीही धुतली असणार. माझ्या लेखी काका पुढे आहेत.

---

सांजवात | सोमवार, रात्री ९:२५

मान्य. पूर्ण मान्य.

---

रानवारा | मंगळवार, सकाळी १०:३०

काल रात्री ते पुस्तक पुन्हा उघडलं. माझं मत थोडं बदललं आहे, सगळं नाही.

लेखकाचं धाडस मला अजूनही मोलाचं वाटतं आणि संमतीचा प्रसंग मी कुणालाही वाचायला देईन. पण दुसऱ्यांदा वाचताना जेवणाची सगळी वर्णनं मी नकळत ओलांडून पुढे जात होतो. जेवण काढून टाकलं तर गोष्टीत काही फरक पडत नाही. इथल्या प्रतिसादांत तसं करून बघा: विरजण काढा, कोकमाचं सार काढा. काही उरतच नाही.

त्या ई-पुस्तकाखाली अभिप्राय लिहिण्याची सोय आहे. मी तिथे आंबा, मासेमारीची बंदी आणि मिरचीचे हात, हे तिन्ही शांतपणे लिहिले आहेत, कुणाचं नाव न घेता. पुढची आवृत्ती निघाली तर उपयोग होईल. आमसूलताई, तुम्ही स्वतः का लिहीत नाही? आढीच्या खोलीची गोष्ट मला वाचायची आहे.

---

खडीसाखर | मंगळवार, सकाळी ११:००

अनुमोदन. आणि त्यात 'स्वादिष्ट' हा शब्द एकदाही नको.

---

आमसूल | मंगळवार, दुपारी २:४०

डबे आत्ता गेले, म्हणून आता लिहिते.

रानवारा, अभिप्राय लिहिलात ते फार बरं केलंत. मीही आज तिथे जाऊन कंदिलाच्या प्रसंगाचं कौतुक लिहीन. ते मीच आधी करायला हवं होतं.

गोष्टीचं बघते. मे महिना, आजोळचं घर, आढीची खोली, इतकं डोळ्यांसमोर आहे. माणसं अजून नाहीत. दुपारी भाकऱ्या थापताना एवढंच सुचलं की त्यातल्या तिला आंबा आवडत नसावा. सगळं घर आंब्याच्या वासाने भरलंय आणि तिला तो सहन होत नाही, आणि हे फक्त त्याच्या लक्षात येतं. पुढचं माहीत नाही.

काका, सारात गूळ तुम्ही किती घालायचात ते कधीतरी सांगा. माझ्याकडे एका डब्यात तसंच एक गिऱ्हाईक आहे, गेले दोन आठवडे डबा जवळजवळ भरलेला परत येतोय.

---

कुडाळकर६८ | मंगळवार, संध्याकाळी ५:५०

चार आमसुलं, दीड वाटी पाणी, सुपारीएवढा गूळ. मीठ अगदी किंचित. जिऱ्याची फोडणी तिला उग्र वाटायची, म्हणून घालत नसे. कोमट द्यायचं. पहिल्या दिवशी संपणार नाही, तरी दुसऱ्या दिवशी पाठवा.

---

नाचणी | मंगळवार, रात्री ८:१५

आमसूल, एक विचारायचं राहिलं. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं नक्की कधी घालायची? मी सुरुवातीलाच वाटणात घातली तर कडवट झालं.

---

आमसूल | मंगळवार, रात्री ८:३०

वाटणात नाही घालायची. आतली काळी बी काढून टाका, सालं तेवढी घ्या. पाच-सहा तिरफळं थोड्या पाण्यात हलकी ठेचा आणि बांगडे घातल्यावर, गॅस बंद करायच्या पाच मिनिटं आधी, त्या पाण्यासकट सोडा. आमसुलंही तेव्हाच. मग झाकण ठेवून अर्धा तास तरी हात लावू नका. वाढताना तिरफळं वेचून काढू नका, ताटात येऊ देत.